चितेगावच्या एकशे अठरा नोंदी

१

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला मला कळलं, की चितेगावची एकशे अठरा माणसं माझ्याकडून हरवली आहेत.

माणसं म्हणजे त्यांच्या नोंदी. आमची कंपनी छोटी आहे. ज्योतीनगरात सरोजिनीआत्याच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्यांत ती चालते, आणि गावोगावी मोफत नेत्रशिबिरं घेणाऱ्या एका न्यासाची सगळी माहिती सांभाळते. कुणाच्या कोणत्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, भिंगाचा नंबर काय, ऑपरेशन कधी. गुरुवारी चितेगावात शिबिर झालं. न्यासाच्या करुणाताईंच्या वहीतल्या मोजणीप्रमाणे एकशे एकसष्ट माणसं तपासली गेली. शुक्रवारी यादी उघडली तर दुपारनंतरची त्रेचाळीस होती. सकाळपासून दोन वाजेपर्यंतची एकशे अठरा कुठंच नव्हती.

न्यासाचे सचिव सदाशिवराव फोनवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मंदारराव, पाच वाजेपर्यंत मला लेखी पाहिजे. कुणी केलं, त्याचं नाव पाहिजे. ते पत्र मी आपल्या ओळखीच्या सगळ्या संस्थांना पाठवणार आहे. त्या माणसाच्या हातात परत कुणी काम देता कामा नये."

नाव माझ्याकडे तयार होतं. विशाखा हिवराळे, नोकरीत सात महिने, आमच्याकडची सगळ्यात हुशार मुलगी. गुरुवारी दुपारी दोन वाजता तिनं आमच्या डेटाबेसला एक नवीन मशीन जोडायचं होतं. मी दोनपासूनचा लॉग, म्हणजे कुणी केव्हा काय केलं त्याची आपोआप होणारी नोंद, उघडला. तिसऱ्याच ओळीत सापडलं: दोन वाजून दहा मिनिटं, विशाखा, मशीन बंद.

मी तिला फोन लावला.

"काल मशीन बंद केलंस तू?"

"हो सर, पण ते मशीन–"

"का केलंस? एकशे अठरा म्हाताऱ्यांच्या नोंदी गेल्या. तुला काही वाटतं का? येऊ नकोस आता."

फोन ठेवला, तिचं लॉगिन बंद केलं आणि पत्र लिहायला बसलो. रागात माझा हात फार भरभर चालतो. राग आवरा, असं माझा रक्तदाब तपासणारे डॉक्टरही म्हणतात.

पत्र संपत आलं होतं तेवढ्यात आत्या वर आली. पाण्याची टाकी भरून वाहतेय, मोटार बंद करा, एवढंच सांगायला आली होती. पण समोर लिहिलेलं काहीही दिसलं की ती वाचते. विचारत बिचारत नाही. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं होती. निवृत्त झाली तेव्हा तिच्या निरोप समारंभाला ज्यांच्या लाइनी तिनं जोडून दिल्या ते लोक आले होते, आणि ज्यांच्या चुका तिनं शोधल्या तेही.

"हिला विचारलंस?" ती म्हणाली.

"विचारलं. तिनं कबूल केलं."

"काय कबूल केलं?"

"मशीन बंद केल्याचं."

"आणि नोंदी पुसल्याचं?"

आत्यानं माझ्या समोरची खुर्ची ओढली.

"हे पत्र गेलं तर ह्या गावात हिला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. पाचला अजून वेळ आहे. बाकीच्यांना बोलव."

२

बाकीचे म्हणजे दोघंच. वैदेही आणि बन्सी.

त्याआधी आत्याला क्लस्टर म्हणजे काय ते सांगावं लागलं. मी सांगितलं, की आमची सगळी माहिती क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या, तीन मशीनवर असते. तिघंही सतत एकमेकांशी बोलतात, त्यामुळे एकाला जे कळलं ते इतरांनाही कळतं. कामाचा भार वाढला म्हणून चौथं मशीन जोडायचं होतं. प्रत्येक मशीनपुढे फायरवॉल असते, म्हणजे दारावरचा राखणदार. यादीत ज्या मशीनचा पत्ता नाही त्याला तो आत घेत नाही; टॅबना मात्र वाट मोकळी असते.

"म्हणजे आधी दारावर सांगायचं, मग पाहुणा आणायचा," आत्या म्हणाली. "आणि पाहुण्याला कुणाच्या घरी जायचं ते कोण सांगतं?"

"त्यालाही एक यादी देतात. सुरू झाल्यावर कुणाला हाक मारायची, त्यांचे पत्ते. विशाखानं सगळं क्रमानं लिहून भिंतीवर लावलंय."

आत्या उठून भिंतीपाशी गेली. कागदावर चारच ओळी होत्या. आधी फायरवॉल दोन्हीकडून उघडणे. मग नव्या मशीनला जुन्या तिघांचे पत्ते देऊन सुरू करणे. मग चौघं एकमेकांना दिसतात का तपासणे. सगळ्यात शेवटी ॲपला नव्या मशीनचा पत्ता देणे. शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती.

वैदेही आली. शिबिरातल्या टॅबवर चालतं ते ॲप तिचं. ती कामाला चोख आहे, आणि विशाखाची जागा आपल्या मावसभावाला मिळावी म्हणून तिनं प्रयत्न केला होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं की आम्हाला माहीत आहे, त्यामुळे ती आल्याआल्याच तोंड पाडून बसली.

"मी काही पुसलेलं नाही," ती म्हणाली.

"पुसण्याचं मी विचारतच नाही," आत्या म्हणाली. "तू काल काय काय पाहिलंस ते सांग."

"नवीन मशीनचा पत्ता ॲपच्या यादीत घातला. सगळ्यात वर. दुपारी विशाखानं परत एक पत्ता दिला, तो वेगळा होता. मला वाटलं आधीचा चुकून आला असेल. मी बदलून टाकला."

"यादी बदलली की सगळीकडचे टॅब लगेच नव्या पत्त्यावर जातात?"

"नाही, ॲप उघडताना एकदाच यादी घेतं. मग दिवसभर त्याच मशीनशी बोलतं. ते बंद पडलं तरच यादीतल्या पुढच्याकडे जातं. बाकीची केंद्रं आठलाच उघडतात. चितेगावचं शिबिर दहाला सुरू झालं."

आत्यानं मान हलवली. टेबलावर पेढ्यांचा पुडा होता, त्यातला एक तिनं उचलला.

"हे कशाचे?"

"नव्या मशीनचे," मी म्हणालो. "काल नारळ फोडला."

तिनं पेढा खाल्ला आणि बन्सीला आत बोलावलं.

बन्सी शहरातल्या छावणी भागातला. आधी घरोघरी केबल टीव्ही जोडायचा, पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे आला आणि आता फायरवॉल, वायरी, इंटरनेट सगळं तोच बघतो. माझ्या शब्दाबाहेर तो जात नाही. आत्यापुढे मात्र तो चपला कुठं काढल्यात हे आठवत असल्यासारखा उभा राहिला.

"बन्सी, काल फायरवॉल कधी उघडलीस?"

"दोन वाजून गेल्यावर, आत्याबाई. विशाखाताई आल्या, त्यांनी पत्ता दिला, मी खोलून दिलं. दोन मिनिटाचं काम हाय ते."

"त्याआधी काही केलं नाहीस?"

"मेरेकु काय करायचंय त्याआधी?" तो म्हणाला आणि पटकन माझ्याकडे बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं. खरं सांगतो, त्या वेळी त्याच्या बघण्याचा अर्थ मला लागला नाही.

आत्याला बहुतेक लागला होता. ती म्हणाली, "मंदार, लॉग तू दोनपासून पाहिलास. सकाळचा?"

"सकाळी काही कामच नव्हतं."

"बरं," ती म्हणाली. "गाडी काढ. चितेगावला जायचंय."

३

पैठण रोडवर ट्रकांची गर्दी होती. आत्या वाटेत बोलली नाही, फक्त एकदा एसी कमी करायला सांगितला. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो. पत्र मोबाइलमध्ये तयार होतं, बटण दाबायचं बाकी होतं. आणि मला उगाचच वाटत होतं, की आपण ह्या मुलीसाठी एवढं फिरतोय म्हणजे आपण फार भले आहोत.

करुणाताई चितेगावातच राहतात. शिबिर ज्या शाळेत झालं तिच्या व्हरांड्यात त्या टॅब घेऊन बसल्या होत्या. रडून डोळे सुजले होते.

"मावशी, मी एकेकाचं नाव नीट टाकलं होतं. शपथ घेते."

"तुझ्यावर कुणाचा संशय नाही. नाव टाकल्यावर तुला काय दिसायचं?"

"खाली यादीत नाव यायचं. चिट्ठी निघायची. लई भारी चालू होतं सकाळी, जरा सुद्दा अडलं नाय. उलट रोजच्यापेक्षा लवकर व्हायचं."

"म्हणजे ती माणसं टॅबमध्ये दिसत होती?"

"व्हय की! जेवायच्या वक्ताला मी वर-खाली करून सगळी पाहिली. मग सवादोनच्या सुमाराला टॅब जरासा थांबला, गोल गोल फिरला, आन् परत चालू झाला. तवा यादी उघडून पाहिली असती तर..." त्यांनी पदर तोंडाला लावला.

"शहरातून कुणी फोन करून म्हणालं का, की आम्हाला तुमची नावं दिसतायत?"

करुणाताई विचारात पडल्या. "नाय बा. तसं कुणी नाय म्हणलं."

आत्यानं विचारलं, की सकाळी तपासलेलं कुणी जवळपास राहतं का. शाळेला लागूनच गोजरबाईंचं घर होतं. पहिला नंबर त्यांचाच लागला होता. म्हातारी बाहेर आली ती चिठ्ठी हातात घेऊनच. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली होती.

"सोमवारी गाडी येणार हाय ना माझ्यासाठी?" तिनं विचारलं.

"येणार," आत्या म्हणाली आणि चिठ्ठी हातात घेऊन माझ्यापुढे धरली.

गोजरबाई, वय अडुसष्ट, उजवा डोळा. वर रुग्ण क्रमांकाच्या जागी छापलं होतं: १.

"पहिला नंबर आला म्हनून नातवानं फोटू बी काढला," गोजरबाई म्हणाली.

करुणाताई म्हणाल्या, "मला वाटलं नव्या मशीननं दर शिबिराला नंबर पयल्यापासनं चालू केले. बरंच झालं, म्हणलं, सोपं पडतं लिहायला. एकशे अठरापरेंत असंच चाललं. टॅब थांबून परत चालू झाला तर एकदम एक्केचाळीस हजार आन् काय काय यायला लागलं."

"मंदार," आत्या माझ्याकडे वळली, "तुमच्याकडे नंबर कसा पडतो?"

"डेटाबेस म्हणजे एक मोठी वहीच. तिच्यात एकूण जितके रुग्ण असतात, त्याच्या पुढचा."

"मग ह्या बाईंचं नाव लिहिलं तेव्हा त्या वहीत किती माणसं होती?"

उत्तर सोपं होतं. एकही नव्हतं.

४

"तू सकाळपासून विचारतोयस नोंदी कुणी पुसल्या," गाडीत बसल्यावर आत्या म्हणाली. "पुसल्या असत्या तर आधी त्या सगळ्यांना दिसल्या असत्या. ह्या नोंदी चितेगावाबाहेर कुणी पाहिल्याच नाहीत. त्या तुमच्या तीन मशीनपर्यंत कधी आल्याच नाहीत. दुसरीकडे कुठंतरी कोरी वही होती, तिच्यात गेल्या."

"पण दुसरी वही नाहीच आमच्याकडे!"

"ते विशाखा सांगेल. बिडकीन इथून लांब नाही."

विशाखाचं घर बिडकीनला बाजारपेठेच्या मागं आहे. दोन खोल्या, पुढच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर आणि खाली तिच्या पुस्तकांची रांग. दार तिच्या आईनं, मनकर्णाबाईंनी उघडलं. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. मला बघून त्यांनी 'या' म्हटलं नाही, 'जा' पण म्हटलं नाही. बाजूला झाल्या आणि आतल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

विशाखा माझ्याकडे न बघता आत्यासमोर बसली.

"काल तू दोन वाजता काय पाहिलंस?" आत्यानं विचारलं.

"कामाला लागले तर नव्या मशीनच्या नावानं एक मशीन आधीच चालू होतं. मी ते उभं केलेलं नव्हतं. स्क्रीनवर त्याचा दिवा हिरवा होता, पण ते आपल्या तिघांना ओळखतच नव्हतं, आन् ते तिघं त्याला. एकटंच होतं."

"एकटं असून हिरवं कसं?" मी न राहवून विचारलं.

तिनं उत्तर आत्याला दिलं. "नवं मशीन सुरू झालं की यादीतल्या पत्त्यांना हाक मारतं. कुणी ओ दिली नाही तर दिवा लाल राहतो. ह्याच्या यादीत कुणीतरी त्याचा स्वतःचाच पत्ता टाकला होता. त्यानं स्वतःला हाक मारली, स्वतःच ओ दिली. त्याला वाटलं आपणच पहिलं मशीन, आपल्यापासूनच क्लस्टर सुरू. अशी चूक झाली की त्याचा एक वेगळाच संसार उभा राहतो."

"मग तू काय केलंस?"

"बन्सीभाऊंना विचारलं. ते म्हणले ट्रायल होतं, करा बंद. म्हणून दोन-दहाला बंद केलं. मग दुसरं नवं मशीन घेतलं, फायरवॉल उघडून घेतली आन् क्रमानं जोडलं. चौघं एकमेकांना दिसली, मगच वैदेहीताईंना पत्ता दिला."

"म्हणून दोन पत्ते," आत्या म्हणाली. "तुला माहीत होतं का, की सकाळी ॲपला पहिला पत्ता दिला गेला होता?"

विशाखानं मान वर केली. "ॲपला? त्या एकट्या मशीनचा?" ती उठूनच उभी राहिली. "मग चितेगावचा टॅब... कोरी वही सापडली की ॲप स्वतःच रकाने आखून घेतं. कुणाला कळणार पण नाही!"

"आता एकच सांग. ते मशीन बंद केल्यावर तू त्यातलं सगळं पुसलंस?"

मी पुढे झुकलो.

"नाही," विशाखा म्हणाली. "जे मी उभं केलं नाही ते मी पुसत नाही. बंद करून डिस्क बाजूला ठेवली. तिला नाव दिलंय, 'बन्सीभाऊंना विचारणे'."

मला इतकं हायसं वाटलं की मी जवळजवळ हसलो. पण आत्या हसत नव्हती.

"म्हणजे नोंदी आहेत," ती म्हणाली. "राहिला एक प्रश्न. काम दोनला ठरलेलं असताना सकाळीच ते मशीन सुरू कुणी केलं? आणि दिवा हिरवा व्हायचीच एवढी घाई कुणाला होती?" असं म्हणून ती माझ्याकडे बघायला लागली.

५

वाचकहो, मी लपवत होतो असं समजू नका. मी विसरलोही नव्हतो. ती गोष्ट काम म्हणून मोजायची असते हेच मला सुचलं नव्हतं.

झालं होतं असं. गुरुवारी राहुकाळ दीड ते तीन असतो. आमच्या घरात राहुकाळात नवं काही सुरू करत नाहीत. माझे वडील दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा जायचे नाहीत. विशाखानं दुपारचे दोन निवडले, कारण त्या वेळी शिबिरं जेवायला थांबतात आणि भार कमी असतो. कारण चांगलं होतं. पण चौथं मशीन नेमकं राहुकाळात जोडायचं माझ्या जिवावर आलं. तिला तसं सांगायची लाज वाटली. ती हसली नसती, पण मनातल्या मनात काही म्हणाली असती. म्हणून मी बन्सीला बाजूला घेतलं. म्हणालो, सकाळी साडेनऊ ते दहाला दहा कमी असा चांगला मुहूर्त आहे. तेवढ्यात मशीन नुसतं चालू कर, हिरवा दिवा दाखव, मी नारळ फोडतो. दुपारी विशाखा तिचं काम करेल. तिला सांगू नकोस.

"बन्सीला फोन लाव," आत्या म्हणाली. "आणि सगळ्यांना ऐकू येऊ दे."

बन्सीला आत्याचा आवाज ऐकताच कळलं. "साहेब हायत का तिथं?"

"आहेत. ते सगळं सांगतायत. तू तुझं सांग."

मग तो म्हणाला, "आत्याबाई, भिंतीवरच्या कागदावर पयले फायरवॉल लिहेल होती. पण ती खोलली की विशाखाताईला मेसेज जातो, अन् साहेब बोलले होते सांगू नको. म्हणून नाय खोलली. मशीन चालू केली तर दिवा लालच. साहेब नारळ घेऊन बाजूला उभे. पावणेदहा झाले, तरी लाल. मुहूर्त चालला म्हणून साहेब घाई करायले. मग मी यादीत त्याचाच पत्ता टाकून दिला. झाला हिरवा. मेरेकु लगा, दुपारी ताई येऊन नीट करतीलच."

"आणि वैदेहीला पत्ता कुणी दिला?"

"साहेबांनीच आमच्या जुन्या ग्रुपवर टाकला, त्यात विशाखाताई नाय. नवीन मशीन सुरू झालं म्हणून, पत्त्यासकट. वर फुलाचा हारबी टाकला होता."

खरं होतं. दहाला पाच मिनिटं कमी असताना. वैदेहीनं ते वाचलं आणि आज्ञा समजून पत्ता यादीत सगळ्यात वर घातला. दहाला चितेगावचा टॅब उघडला. दोन-दहाला विशाखानं, तिचं काम होतं म्हणून, ते एकटं मशीन बंद केलं. आम्हा चौघांपैकी जी एकटी क्रमानं वागली होती तिचंच नाव मी पत्रात लिहिलं होतं.

"सकाळी आठवलं नाही का रे बन्सी तुला?" आत्यानं विचारलं.

"आठवलं की. पण साहेबांचं नाव कसं घेऊ?"

मी त्याच्यावर चिडू शकलो नाही. पंधरा वर्षं मीच त्याला तसं वागायला शिकवलं होतं.

६

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी गाडीतून माझा लॅपटॉप आणला, विशाखाचं लॉगिन चालू केलं आणि मोबाइलचं इंटरनेट जोडून दिलं. माझा अंदाज होता, की डिस्क परत लावायची आणि नोंदी मोठ्या वहीत ओतायच्या, पाच मिनिटांचं काम.

"ओतल्या तर संपलंच," विशाखा म्हणाली. "एक ते एकशे अठरा नंबर तीन वर्षांपूर्वीच्या लोकांचे आहेत. ह्यांच्या नोंदी त्यांच्यावर चढतील. आधी मशीन सगळ्यांपासून तोडून चालू करायचं, नोंदी बाहेर काढायच्या, प्रत्येकीला नवा नंबर द्यायचा, मग आत घ्यायच्या."

मी मांडीवर हात ठेवून बसलो. आज सकाळी मला हे कुणी सांगायला नव्हतं, आणि डिस्क हाती लागली असती तर मी ती ओतलीच असती. एकशे अठरांच्या पायी आणखी एकशे अठरा गेले असते. हे ध्यानात आल्यावर मला खरोखर भीती वाटली.

चाळीस मिनिटं ती काम करत होती. आत्या मनकर्णाबाईंशी अंगणवाडीतल्या पोरांबद्दल बोलत होती. चार वाजून पाच मिनिटांनी विशाखानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. गोजरबाई, वय अडुसष्ट, उजवा डोळा. खाली एकशे सतरा नावं, एकही कमी नाही. मी करुणाताईंना फोन केला. त्या पलीकडे पुन्हा रडायला लागल्या, आता वेगळ्या कारणानं, आणि नव्या चिठ्ठ्या घेऊन घरोघर जाते म्हणाल्या.

मी विशाखाला म्हणालो, "माझं चुकलं. सोमवारी ये. मी सगळं नीट करतो."

"नोंदी नीट झाल्या सर," ती म्हणाली. "माझं अजून काय झालं ते मला माहीत नाही. पाच वाजायचेत."

मी तिथंच, त्यांच्या लोखंडी कॉटवर बसून नवं पत्र लिहिलं. खोडाखोड झाली. पहिल्यांदा मी 'तांत्रिक गैरसमजातून' असं लिहिलं, ते आत्यानं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि नुसती खाकरली. ते काढलं. पावणेपाचला मी म्हणालो, "झालं. पाठवतो."

"थांबा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

दुपारपासून त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

"सकाळी तुम्ही फोन केला तवा ती भाकऱ्या करत होती. हात पिठाचे, म्हणून फोन मोठ्यानं बोलायचा लावला होता. तुम्ही काय काय म्हणले ते म्या सगळं ऐकलं. शेजारच्या बाया बी होत्या, त्यांनी बी ऐकलं. आता हे काय लिवलंय ते बी मोठ्यानं वाचा."

विशाखा म्हणाली, "आई, राहू दे."

"तू गप बस. वाचा साहेब."

मनकर्णाबाईंनी बाहेरचं दार पुरतं उघडलं. ओट्यावर दोघी-तिघी बसल्या होत्या, त्या वळल्या. मी उभा राहिलो. शाळेत धडा वाचताना व्हायचं तसं व्हायला लागलं, कान गरम झाले.

मी वाचलं, की चितेगावच्या नोंदी दिसेनाशा होण्याला मी, मंदार, जबाबदार आहे. ठरलेला क्रम मोडून मी सकाळी मशीन सुरू करायला लावलं आणि ही गोष्ट काम करणाऱ्या व्यक्तीपासून लपवली. बन्सी यांनी माझ्या सांगण्यावरून केलं. त्यानंतर न विचारता, न ऐकता, मी दुसऱ्याच व्यक्तीला दोषी धरलं, तिला फोनवर नाही नाही ते बोललो आणि कामावरून काढलं. हे पत्र आपण ज्या ज्या संस्थांना पाठवणार होता त्या सर्वांना जरूर पाठवावं.

मी थांबलो. मनकर्णाबाई माझ्याकडे एकटक बघत होत्या.

"तिचं नाव नाय ना त्यात कुठं?"

"आहे," मी म्हणालो. "शेवटच्या ओळीत."

त्यांचा चेहरा कठीण झाला. मी ती ओळ वाचली. "एकशे अठरा रुग्णांच्या नोंदी केवळ विशाखा हिवराळे यांच्यामुळे शाबूत राहिल्या."

विशाखा खाली मान घालून लॅपटॉपची वायर गुंडाळत होती, तिचे हात थांबले. मनकर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दारातल्या बायकांकडे एकदा पाहिलं.

"ती वळ," त्या म्हणाल्या, "पुन्यांदा वाचा."